तबकडीत न मावलेला वॉल्ट्झ

काजेतान म्राझेकला सारं व्हिएन्ना दोन गोष्टींवरून ओळखत असे: त्याच्या मिशीवरून, आणि ‘मोतद्दार बॅरन’च्या दुसऱ्या अंकातल्या वॉल्ट्झवरून. मिशी त्याला पलटणीने दिली होती आणि वॉल्ट्झ बायकोच्या पायाने. मिशीची गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. पायाची फक्त तिघांना: म्राझेकला, त्याच्या बायकोला आणि हाव्रानेकला.

म्राझेक मूळचा मोरावियातला, चर्चची घंटा ओढणाऱ्याचा मुलगा. प्रागला जाऊन ट्रॉम्बोन शिकला, कारण त्या वर्षी ट्रॉम्बोनला कोणी मिळत नव्हतं आणि शिकणाऱ्याला दुपारचं जेवण फुकट होतं. मग पलटणीत शिरला आणि मिशीला पीळ देता देता बँडमास्तर झाला. सम्राटाच्या वाढदिवसाला त्याने एक मार्च लिहिला, कर्नलच्या मुलीच्या लग्नाला दुसरा, आणि कर्नलचा घोडा वारला तेव्हा तिसरा. तिन्ही एकच होते. घोड्यासाठी फक्त सावकाश वाजवला, तर कर्नलला रडू आवरेना.

पलटण व्हिएन्नात असताना ओटाक्रिंगच्या एका खानावळीत कार्निव्हलचा नाच होता आणि बँड म्राझेकचा. शेगडीजवळच्या बाकावर एक मुलगी बसली होती, मांडीवर मैत्रिणींच्या शालींचा ढीग. नाव वालपुर्गा, पण सगळे बुर्गी म्हणत. हातमोजे शिवायची. लहानपणापासून तिचा डावा पाय उजव्याहून किंचित आखूड होता, त्यामुळे तिला नाचायला कोणी विचारत नव्हतं. पण बाईसाहेब शाली सांभाळता सांभाळता नाचणाऱ्यांच्या अशा काही नकला करत होत्या की शेजारच्या म्हातारीला हसून हसून उचकी लागली होती. म्राझेकने ते पाहिलं, हातातली छडी पहिल्या व्हायोलिनवाल्याच्या, म्हणजे हाव्रानेकच्या, हातात कोंबली आणि सरळ तिच्यापुढे जाऊन टाचा जुळवल्या.

“मला नाही नाचता येत,” बुर्गी म्हणाली. “पाय ऐकत नाही माझं.”

“मग बँड ऐकेल,” म्राझेक म्हणाला.

वॉल्ट्झची तीन पावलं तिला झेपत नव्हती. ती दोनच टाकायची. पहिलं लांब. दुसरं ठरल्या वेळेच्या जरा आधीच पडायचं, कारण आखूड पायाला दम निघत नसे. आणि तिसऱ्याच्या जागी ती नुसती थांबायची, तोल सावरायला, श्वासभर. म्राझेकने मान वळवून हाव्रानेकला खूण केली. हाव्रानेकने दोन फेऱ्या पाहिलं आणि बँड तिच्या पावलाबरोबर आणला. लांब, चटकन, थांब. लांब, चटकन, थांब. इतर जोड्या एकमेकींवर आदळल्या, कोणाच्या तरी पायावर कोणाची तरी टाच पडली, आणि मग अख्खी खानावळ तशीच नाचायला लागली.

“मास्तर, हा ताल कुठला?” नाच संपल्यावर हाव्रानेकने विचारलं.

“बाईंचा,” म्राझेक म्हणाला, आणि त्याच वसंतात त्याने बाईंशी लग्न केलं.

त्या तालावरची धून त्याने लिहून ट्रंकेत टाकली. पुढे पलटण सोडली, हाव्रानेकला बरोबर घेऊन थिएटरात आला आणि ऑपेरेटा, म्हणजे हलकीफुलकी संगीत नाटकं, लिहायला लागला. पहिला ऑपेरेटा पडला. दुसऱ्याचा पडदाच अर्ध्यात अडकला, आणि दुसऱ्या दिवशी पेपरवाल्यांनी पडद्याचं कौतुक केलं. तिसऱ्याच्या वेळी हातात काही शिल्लक नव्हतं, म्हणून ट्रंक उघडली. कालव्याकाठच्या थिएटरात ‘मोतद्दार बॅरन’ लागला. रंगमंचावरच्या बाल्कनीत काउंटेस आणि मोतद्दाराच्या वेषातला बॅरन यांचा तो वॉल्ट्झ सुरू झाला, आणि गॅलरीतले उभे प्रेक्षक ‘वन्स मोअर’ म्हणून जे ओरडले ते छताचे पोपडे पडेपर्यंत. बुर्गी डावीकडच्या बॉक्समध्ये बसली होती. तिने हातरुमालात तोंड लपवलं. ती रडत असेल असं म्राझेकला वाटलं, पण ती बॅरनच्या तंग विजारीला हसत होती. वॉल्ट्झसाठी तिने आधीच, घरी, भांडी घासताना रडून घेतलं होतं.

इथवर सगळं छान होतं. मग बर्लिनहून नोल्डेके आला.

नोल्डेके हा तबकड्या भरणारा माणूस. अंगाने काटकुळा, बोलायला गोड, आणि खिशात भलंमोठं घड्याळ. त्याने हॉटेलातल्या दोन खोल्या घेतल्या, मधल्या भिंतीला भोक पाडून त्यातून एक पत्र्याचा कर्णा बाहेर काढला आणि पलीकडच्या खोलीत आपलं यंत्र पडद्याआड ठेवलं. आवाज ज्यावर कोरला जायचा ते मेण मऊ राहावं म्हणून शेगड्या पेटवून ठेवलेल्या. खोलीची नुसती भट्टी झाली होती. वादकांनी कोट काढले, मग वेस्टकोट काढले, मग नोल्डेकेने खोलीतल्या इल्काबाईंकडे बोट दाखवून वादकांना तिथेच थांबवलं.

इल्का बारोती ही काउंटेसचं काम करणारी हंगेरियन गायिका. आवाज चांदीचा, स्वभाव मिरचीचा. तिला कर्ण्यासमोर उभं केलं आणि नोल्डेके तिच्या मागे उभा राहिला. वरचा सूर आला की तो तिला दोन्ही खांद्यांना धरून मागे ओढायचा, नाहीतर मेणाला धक्का बसतो म्हणे. खालचा सूर आला की पुढे ढकलायचा.

“माझ्या नवऱ्याने इतकी ढकलाढकली केली असती तर मी त्याला कधीच सोडलं असतं,” इल्का म्हणाली.

“सोडलंतच ना, बाई,” क्लॅरिनेटवाला उंच स्टुलावरून म्हणाला.

हाव्रानेकच्या हातात एक विचित्र व्हायोलिन दिलं होतं. लाकडी पोट नाही, त्याऐवजी बाजूला छोटा पत्र्याचा कर्णा. मोठ्या बासचा आवाज मेणावर उमटत नाही म्हणून त्याच्या जागी पितळी भोंगा आणला होता. म्राझेकला एका खोक्यावर चढवलं होतं. छडी हलवली तर ती कर्ण्याला लागत होती, म्हणून त्याने भुवयांनी वाजवून घ्यायचं ठरलं.

“वॉल्ट्झ चालतो किती वेळ?” नोल्डेकेने विचारलं.

“लोकांना पुरेसा होईपर्यंत,” म्राझेक म्हणाला.

“लोकांचं मला माहीत नाही, मास्तर. माझं मेण साडेतीन मिनिटांत संपतं.”

एकदा वाजवून पाहिलं. शेवटच्या फेरीच्या आधीच नोल्डेकेने हात वर केला. “कापावं लागेल.”

“कुठे?”

“ते मधेमधे थांबणं आहे ना, तेच काढा. तिथे काही वाजतच नाही. रिकाम्या जागेवर मेण कशाला खर्चायचं?”

हाव्रानेकने म्राझेककडे पाहिलं. म्राझेकने हाव्रानेककडे पाहायचं टाळलं. खोलीत श्वास घेववत नव्हता, इल्काच्या गालांवरची पावडर चिखल होऊन ओघळत होती आणि भोंगेवाल्याला घेरी यायला लागली होती. शिवाय थिएटरातल्या माणसाची एक जन्माची समजूत असते, की वाजलं ते हवेत गेलं. आजचा प्रयोग बिघडला तर उद्याचा आहे. पडदा पडला की वाईटही संपलं आणि चांगलंही. म्राझेकची सारी हयात त्या समजुतीत गेली होती. त्याला वाटलं, एका दुपारची तर गोष्ट.

“वाजवा भराभर,” तो म्हणाला. “थांबू नका कुठे.”

आणि त्यांनी तो वॉल्ट्झ असा वाजवला की जणू मागे कुत्रं लागलंय. लांब, चटकन, लांब, चटकन. तीन मिनिटं आणि वर थोडं. म्राझेक म्हणाला, “ऐकवा तरी.” नोल्डेके हसला. मेण ऐकलं की सुईने खरवडतं, मग त्याची तबकडी होत नाही. तबकडी ऐकायची तर कारखान्यातून येईपर्यंत वाट पाहायची. म्हणजे आपण काय केलं हे म्राझेकला कळलं ते सगळ्या जगाबरोबर.

तबकडी आली आणि तुफान खपली. कॉफीहाउसात तीच, बर्फावर घसरगुंडी खेळणाऱ्यांच्या मैदानात तीच, रस्त्यावरच्या पेटीवाल्यानेही आपल्या पेटीचं हँडल तसंच गरागरा फिरवायला सुरुवात केली. त्या तबकडीवर नाचणाऱ्यांच्या टाचा झिजल्या म्हणून चांभारसुद्धा खूश. आणि मग ही माणसं थिएटरात आली. म्राझेकने छडी उचलली, आपला वॉल्ट्झ आपल्या चालीने सुरू केला, आणि दुसऱ्याच थांब्याला वरून आवाज आला, “मास्तर, पेंग आली का?”

सगळं थिएटर हसलं. दुसऱ्या दिवशी कोणी तरी ओरडलं, “चावी द्या मास्तरांना!” तिसऱ्या दिवशी गॅलरीने टाळ्यांनी स्वतःच लय धरली, तबकडीची, आणि ऑर्केस्ट्रा त्यामागे फरपटत गेला. ज्याने वॉल्ट्झ लिहिला त्यालाच लोक वॉल्ट्झ शिकवायला निघाले. चोर तो चोर, वर शिरजोर! पण भांडायचं कोणाशी? चोरीत म्राझेकचा स्वतःचा हात होता. त्याने निमूटपणे छडी तरुण उपमास्तराच्या हाती दिली. नाहीतरी रिवाज असाच होता: पहिला प्रयोग रचणाऱ्याने चालवायचा, मग थेट शंभरावा. अधलेमधले कोणीही चालवावेत. उपमास्तराने तबकडी पाठ केली होती. त्याच्या हाताखाली बॅरन आणि काउंटेस बाल्कनीत भोवऱ्यासारखे फिरायचे आणि लोक वेडे व्हायचे.

बुर्गी एकदा जाऊन आली. मधल्या सुट्टीत घरी परतली, टोपी काढली, कॉफी टाकली.

“कसा वाटला?” म्राझेकने विचारलं.

“छान आहे. सगळ्यांना आवडतो.” तिने त्याच्या पेल्यात साखर घातली, ढवळली, आणि मग म्हणाली, “मला मात्र त्यात पाय ठेवायला जागाच मिळाली नाही.”

ती रागाने बोलली असती तर बरं झालं असतं. रागावली की बुर्गी त्याला आडनावाने हाक मारत असे, आणि म्राझेकला त्यावरचे उपाय ठाऊक होते. पण ती नुसतं सांगत होती. म्राझेकला इतकं वाईट वाटलं की कॉफी तशीच राहिली.

“शंभराव्या प्रयोगाला छडी माझी आहे,” तो म्हणाला. “तू बॉक्समध्ये बस. तुझ्या चालीने वाजवीन. शप्पथ.”

“आणि नाही वाजवलास तर?”

“तर तू सगळ्यांदेखत उठून जा.”

“जाईन हं,” बुर्गी म्हणाली. “माझं चालणं सगळ्यांना ऐकू जातं, लक्षात ठेव.”

शंभरावा प्रयोग फेब्रुवारीत आला. थिएटरभर फुलांच्या माळा लागल्या, म्राझेकसाठी चांदीच्या मुठीची छडी आली, आणि आदल्या सकाळी तालमीला म्राझेकने वॉल्ट्झ आपल्या चालीने घेतला. हाव्रानेक सुखावला. ऑर्केस्ट्रा थांबला तिथे थांबला. इल्का मात्र थांबली नाही. ती गात सुटली आणि तिसऱ्या ओळीला ऑर्केस्ट्राच्या पुढे निघून गेली.

“मास्तर, हे काय?” ती कमरेवर हात ठेवून म्हणाली. “मधेच थांबून मी करू काय? केसातला काटा हरवल्यासारखी उभी दिसते मी!”

विंगेतून लुस्टगार्टेन आला. हा थिएटरचा मालक. पोट पुढे, सिगार त्याच्याही पुढे.

“म्राझेक, बाबा रे, हे काय अंत्ययात्रेचं लावलंयस?”

“वॉल्ट्झ असाच आहे.”

“होता. आता तो तबकडीसारखा आहे. बाहेरच्या दालनात मी तबकड्या विकायला ठेवल्यात. लोक इथे एक ऐकणार आणि घरी दुसरंच नेणार?” त्याने सिगार विझवला, म्हणजे गोष्ट गंभीर होती. “शंभरावा प्रयोग रचणाऱ्याचा, हा रिवाज मला मान्य आहे. पण थिएटर माझं आहे. तबकडीसारखा घ्यायचा असेल तर छडी तुझी. नाहीतर पोराला बोलावतो, तू पहिल्या रांगेत बसून हार घालून घे.”

म्राझेक घरी आला तो मिशी खाली पाडून. बुर्गी स्वयंपाकघरात खसखशीच्या शेवया परतत होती. पलीकडे प्शिकालबाईंचा ग्रामोफोन चालू होता, अर्थातच तोच वॉल्ट्झ. प्शिकालबाई ही पोस्टातल्या साहेबाची विधवा, आणि ग्रामोफोन तिला जावयाने दिला होता. तेव्हापासून भिंतीच्या अलीकडे शांतता नव्हती. घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं, तसली गत.

म्राझेकने सगळं सांगितलं. “छडी ठेवली तर चाल जाते, आणि चाल ठेवली तर छडी जाते. दोन्ही बाजूंनी तुझं पाऊल गेलं, बुर्गी. मी ते मेणावर घासून टाकलं. मीच.”

बुर्गी भिंतीकडे पाहत होती. पलीकडे प्शिकालबाई बहुधा चावी द्यायची विसरून झोपून गेली होती, कारण ग्रामोफोनची स्प्रिंग उतरायला लागली होती. वॉल्ट्झ आधी धापा टाकत होता, मग चालायला लागला. इल्काचा चांदीचा आवाज खाली घसरत घसरत म्हशीसारखा झाला. आणि एका क्षणी, बंद पडण्याच्या जरासंच आधी, तो अगदी बरोबर झाला. बुर्गीचा डावा पाय चुलीपुढे आपोआप सरकला. लांब, चटकन, थांब.

मग ग्रामोफोन मेला, आणि बुर्गी हसायला लागली. हातातला डाव खाली ठेवून, पदराला हात पुसावे तशी एप्रनला हात पुसत, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

“म्राझेक,” ती लटक्या रागाने म्हणाली, “तू बँडमास्तर आहेस की बावळट? लोक वन्स मोअर किती देतात?”

“शंभराव्याला? थकेपर्यंत देतील.”

“आणि तू घेतोस किती?”

“एक. फार तर दोन. मग छडी खाली ठेवायची, हा नियम.”

“उद्या तीन घे. पहिल्यांदा वाजव तबकडीसारखा. पहिल्या वन्स मोअरला तबकडीच्या वर. दुसऱ्याला त्याच्याही वर. अगदी फिरकी फिरव त्या बाईची. लुस्टगार्टेनला हवंय ना? पोटभर दे.”

“आणि तिसऱ्याला?”

“तिसऱ्याला स्प्रिंग उतरेल,” बुर्गी म्हणाली. “मी तोवर बाहेर कोट सांभाळणाऱ्या बाईपाशी बसते. ते गरागरा मला बघवत नाही. तिसऱ्याला बॉक्समध्ये नाही आले, तर समज, घरी गेले.”

शंभराव्या प्रयोगाला थिएटरात मुंगीला शिरायला जागा नव्हती. नोल्डेकेसुद्धा बर्लिनहून आला होता, तिसऱ्या रांगेत, घड्याळासकट. डावीकडचा बॉक्स तेवढा रिकामा. म्राझेकने दुसऱ्या अंकात छडी उचलली आणि वॉल्ट्झ तबकडीसारखा सोडला. गॅलरी खूश झाली. लुस्टगार्टेनने विंगेतून हाताने चुंबन फेकलं. बॅरन आणि काउंटेस बाल्कनीत गरगरले, टाळ्यांचा पाऊस पडला, “वन्स मोअर!”

म्राझेकने नव्या लग्नातल्या नवरदेवासारखी मान लववली आणि वन्स मोअर दिला. जास्त वेगाने. इल्काने त्याच्याकडे चमकून पाहिलं. बॅरन, जो साठीला टेकलेला आणि बीअरवर पोसलेला होता, त्याची एक फिरकी हुकली आणि त्याने कठड्याला मिठी मारली. लोकांना तो विनोद वाटला. ते आणखी पेटले.

“वन्स मोअर!”

लुस्टगार्टेन आनंदाने विंगेत नाचत होता. म्राझेकने दुसरा दिला. आता रंगमंचापुढच्या ऑर्केस्ट्राच्या खड्ड्यातून नुसती ठिणग्यांची बरसात. फ्लूटवाल्याच्या नाकी नऊ आले, क्लॅरिनेट एकदा किंचाळला, इल्काच्या अंबाड्यातून खराच एक काटा उडून ढोलावर टणकन आपटला. शेवटचा सूर तिने गायला की नुसतं तोंड उघडलं, हे टाळ्यांत कळलंही नाही. गॅलरी पाय आपटत होती.

“वन्स मोअर! वन्स मोअर!”

इल्का बाल्कनीच्या कठड्यावर ओणवी झाली. तिच्या चोळीचे बंद वरखाली होत होते. “मास्तर,” तिने हसरा चेहरा न मोडता दातांआडून म्हटलं, “मारता का मला? हळू घ्या, देवाच्यासाठी हळू घ्या. नाहीतर मी इथेच पडते आणि तुमच्या नावाने पडते.”

“थांबायचं कुठे ते माहीत आहे ना?” म्राझेकने खड्ड्यातून विचारलं.

“तुम्ही म्हणाल तिथे थांबते!”

म्राझेकने छडी वर धरली. डावीकडे पाहिलं. बॉक्स रिकामाच होता. छडी वर तशीच. साऱ्या आयुष्यात कर्नलपुढे, सम्राटापुढे त्याला भीती वाटली नव्हती, ती त्या रिकाम्या खुर्चीची वाटली. ती घरी गेली असली तर? पहिल्यांदाच्या वेगालाच कंटाळून उठली असली तर? पण छडी जन्मभर हवेत धरता येत नाही. त्याने ती खाली आणली.

लांब. चटकन. थांब.

थिएटर गोंधळलं. वरून कोणीतरी “चावी…” म्हणायला तोंड उघडलं, पण पाय आपटून तोही दमला होता, शब्द अर्ध्यात विरला. इल्काने पहिली ओळ उचलली आणि थांब्याला पोचली, आणि तिला तिथे श्वास सापडला. कालपर्यंत जी जागा तिला केसातल्या काट्याची वाटत होती, तिथे तिच्यापुरती हवा होती. तिने ती घेतली. पुढची ओळ तिने अशी गायली की म्राझेकच्या मानेवर काटा आला. साठीचा बॅरन तिच्याभोवती एक एक पाऊल टाकत चालला, आणि पहिल्यांदाच तो तिच्यावर प्रेम करत असल्यासारखा दिसला.

तेव्हा म्राझेकला मागून ऐकू आलं.

मधल्या वाटेच्या लाकडी फरशीवर कोणीतरी चालत येत होतं. एक पाऊल लांब, दुसरं चटकन, मग काहीच नाही. एक लांब, एक चटकन, मग काहीच नाही. ऑर्केस्ट्रा आणि ते पाऊल यांच्यात केसाचंही अंतर नव्हतं. लोकांच्या माना वळल्या. बुर्गी बॉक्समध्ये गेलीच नव्हती. ती दरवाज्यातून सरळ आत आली होती, हातात कोणाची तरी शाल विसरून राहिलेली, आणि साऱ्या व्हिएन्नादेखत मधल्या वाटेने खाली येत होती. तिला लंगडत येताना पाहणाऱ्यांना कळलं की ही बाई लंगडत नाहीये. वॉल्ट्झच तिच्यासारखा चालतोय. नोल्डेकेने सवयीने घड्याळ काढलं होतं. ते त्याने पुन्हा खिशात घातलं.

म्राझेकला वळून पाहायचं होतं आणि वळता येत नव्हतं. मास्तराने ऑर्केस्ट्राकडे पाठ कशी करायची? त्याचे डोळे भरून आले होते, समोरची पानं दिसत नव्हती, आणि ती दिसायची गरजही नव्हती.

“मास्तर,” हाव्रानेक व्हायोलिन खाली घेऊन हळूच म्हणाला, “आणा ती छडी इकडे.”

म्राझेकने चांदीच्या मुठीची छडी त्याच्या हातात कोंबली, खड्ड्याचं छोटं फाटक उघडलं आणि पहिल्या रांगेपुढे आला. बुर्गी तिथे पोचली होती. त्याने टाचा जुळवल्या.

“उशीर झाला,” ती पुटपुटली. “कोटवाली बाई सोडेना. तिला तुमच्या बॅरनची विजार कशी ते दाखवत होते.”

“नाचणार?”

“इथे? चार पावलांची जागा आहे.”

“आपल्याला दोनच लागतात,” म्राझेक म्हणाला.

वॉल्ट्झ संपला तशी गॅलरी उठली, आणि जो गदारोळ झाला त्याला तोड नव्हती. लुस्टगार्टेन विंगेतून हात हलवत होता, इल्का कठड्यावरून फुलं फेकत होती, आणि सगळीकडून एकच ओरडा, “वन्स मोअर! वन्स मोअर!”

हाव्रानेकने छडी वर करून म्राझेककडे पाहिलं. म्राझेकने बुर्गीकडे पाहिलं. ती पहिल्या रांगेतल्या कोणा बॅरोनेसच्या खुर्चीच्या हातावर टेकली होती आणि डाव्या पायाची पोटरी दाबत होती, लाल होऊन, हसत.

“नाही,” म्राझेक थिएटरला मोठ्याने म्हणाला. “बायको दमली.”

आणि फाटक उघडून तो आत गेला, छडी परत घेतली आणि पुढचं गाणं सुरू केलं.